फोन आपला, पण चावी कुणाकडे?

पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. एका गावी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खरीप पिकांच्या नोंदणीसाठी आम्ही बसलो होतो. तलाठी भाऊसाहेब होते, ग्रामसेवक होते, गावातली कॉलेजात जाणारी दोन पोरे मदतीला होती. एकेकाचा फोन घ्यायचा, नोंदणीचे अ‍ॅप उतरवायचे, गट नंबर टाकायचा आणि बांधावर जाऊन पिकाचा फोटो कसा काढायचा ते दाखवायचे, असे काम चालले होते. दुपारी एक आजोबा आले. पावणेतीन एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. फोन आठ वर्षांचा, पण काचेवर एक ओरखडा नाही. पोराने अ‍ॅप शोधले, बोट लावले आणि फोनने सांगून टाकले, की हे अ‍ॅप या फोनवर चालणार नाही.

"का रे, बिघडला का?" आजोबांनी विचारले.

"बिघडला नाही आबा, ह्यातलं अँड्रॉइड जुनं झालंय."

"जुनं म्हणजे? माझा बैल अकरा वर्षांचा आहे. औताला जुंपला की अजून चालतो. ह्याला काय धाड भरली?"

सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पैसे मोजून घेतला ना मी हा फोन? मग मला न विचारता कुणी जुना केला?"

याचे उत्तर ओट्यावर कुणाकडेच नव्हते, माझ्याकडेही नव्हते. आबांची नोंद त्या दिवशी नातवाच्या फोनवरून झाली. काम निभावले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपण पिकावरच्या किडीचे जीवनचक्र शोधतो तसे याचे मूळ शोधत गेलो, तेव्हा थेट १९८१ सालापर्यंत मागे जावे लागले. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची गेल्या चार-पाच दशकांतली भांडणे आबांच्या खिशापर्यंत कशी येऊन पोचली, ते आज सांगतो.

मधली जोडणी

शेतकरी बंधूंनो, आधी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांची जोडणी असते, तिला आपण थ्री पॉइंट म्हणतो. नांगर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कारखान्याचा, पेरणीयंत्र तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये बनवलेले. तरी पिना बसवल्या की काम सुरू. लाल ट्रॅक्टर घेतला म्हणून नांगरही त्याच कंपनीचा घ्यावा लागत नाही.

हे पहिल्यापासून असे नव्हते बरे का. ही जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी बसवली. १९३८ मध्ये त्यांचा आणि मोटारवाल्या हेन्री फोर्ड यांचा ट्रॅक्टरचा व्यवहार कागद न करता, नुसता हातात हात देऊन ठरला. पुढे फोर्ड यांच्या नातवाच्या कारकिर्दीत तो मोडला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीने साडेब्याण्णव लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. कालांतराने ती जोडणी साऱ्या जगाने प्रमाण म्हणून स्वीकारली. आज तिच्यावर कुणा एकाची मालकी नाही, म्हणून अवजारांचा बाजार मोकळा आहे.

संगणकात आणि मोबाइलमध्ये असेच तीन भाग असतात. हातात दिसते ते यंत्र, म्हणजे ट्रॅक्टर. आपण वापरतो ती अ‍ॅप, म्हणजे अवजारे. आणि दोघांना जोडणारी मधली व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. संगणकात बहुधा विंडोज असते, अ‍ॅपलच्या संगणकात मॅकची, मोबाइलमध्ये अँड्रॉइड किंवा आयफोनची. फरक एवढाच, की इथली जोडणी साऱ्या जगाची झाली नाही, ती कंपन्यांच्याच हातात राहिली. विंडोजचा प्रोग्रॅम जसाच्या तसा मॅकवर चालत नाही, अँड्रॉइडचे अ‍ॅप आयफोनला लागत नाही. ज्याच्या हाती जोडणी, त्याच्या हाती अवजारांचा बाजार. सगळे भांडण त्यासाठी आहे.

पन्नास हजार डॉलरचा सौदा

१९८० साली आयबीएम ही संगणकातली सर्वांत दांडगी कंपनी होती. तिला घरात, दुकानात वापरता येईल असा लहान संगणक घाईने बाजारात आणायचा होता. यंत्र जुळवले, पण ऑपरेटिंग सिस्टीम बाहेरून घ्यायचे ठरले. त्या काळी गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च कंपनीची सीपीएम नावाची प्रणाली लहान संगणकांवर जोरात होती. आयबीएमची माणसे त्यांच्याकडे गेली, पण बोलणी जमली नाहीत. मग काम गेले बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टकडे.

मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा अशी प्रणाली तयार नव्हतीच. सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीत टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने एक प्रणाली लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने आधी ती वापरायचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी पन्नास हजार डॉलर देऊन सगळे हक्क विकत घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक बाजारात आला. पुढे सीपीएमही त्यावर मिळू लागली, पण तिची किंमत २४० डॉलर आणि मायक्रोसॉफ्टकडून आलेल्या डॉसची ४० डॉलर. गिऱ्हाइकाने काय घेतले असेल ते सांगायला नको.

खरी मेख करारात होती. मायक्रोसॉफ्टने आयबीएमला प्रणाली दिली, पण तीच प्रणाली दुसऱ्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. आयबीएमला वाटले, यंत्र आपले आहे, म्हणजे धंदा आपला. सव्वा वर्षात कॉम्पॅकने आयबीएमसारखाच संगणक जाहीर केला, मग अशा नकलांची रीघ लागली. यंत्र करणारे वाढत गेले, एकमेकांचे भाव पाडू लागले, आणि त्यातल्या बहुतेकांना जोडणी मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी लागली. आपल्याकडे २००६ च्या सुमारास बीटी कपाशीच्या भावावरून रान पेटले, तेव्हा पाकिटावर नाव एका कंपनीचे आणि आतल्या जनुकाचे शुल्क दुसऱ्या कंपनीला, हे गावोगाव कळले होते. तसाच हा प्रकार.

त्यापुढची पायरी जास्त वाईट होती. मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्यांशी असे करार केले, की त्यांनी विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे शुल्क द्यायचे, मग त्या यंत्रात मायक्रोसॉफ्टची प्रणाली घाला नाहीतर दुसऱ्याची. म्हणजे माल विको न विको, नाक्यावरून गाडी गेली की पट्टी फाडायची! मग कोण कशाला दुसऱ्याच्या प्रणालीचे वेगळे पैसे भरील? अमेरिकी सरकारने हरकत घेतल्यावर जुलै १९९४ मध्ये तडजोड होऊन ही पद्धत बंद झाली. तोवर बरीच वर्षे निघून गेली होती.

गर्दी तिकडे बाजार

इथे एक गोष्ट आपल्यासारख्या बाजार पाहिलेल्या माणसाला पटकन समजेल. एखाद्या आठवडी बाजारात व्यापारी जास्त येतात म्हणून शेतकरी तिकडे माल नेतो. शेतकरी जास्त येतात म्हणून व्यापारी तिकडे जातो. शेजारच्या गावाने चांगले ओटे बांधले, पाण्याची सोय केली, सावली केली, तरी तो बाजार भरत नाही. चांगला कोणता, यापेक्षा भरलेला कोणता, याला महत्त्व येते.

ऑपरेटिंग सिस्टीमचे तंतोतंत असेच आहे. अ‍ॅपलने २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश आणला. चित्रावर बोट ठेवल्यासारखे माऊसने काम करता येई, हुकूम पाठ करावे लागत नसत. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये आली आणि ती फारशी चालली नाही. अ‍ॅपलने नक्कल केल्याचा दावा १९८८ मध्ये लावला, तो पुढे हरला. १९९० मध्ये विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि बाजार तिकडे झुकला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली, तेव्हा अमेरिकेत लोक मध्यरात्री दुकानापुढे रांगा लावून उभे होते.

आयबीएमलाही चूक कळली होती. मायक्रोसॉफ्टच्याच सोबतीने तिने ओएस-टू नावाची नवी प्रणाली काढली, पुढे दोघांचे फाटले. ही प्रणाली कामाला दणकट होती, असे जाणकार सांगत. पण अमेरिकी न्यायालयाने पुढे नोंदवलेला हिशेब बघा. भराच्या काळात ओएस-टूला बाजाराचा सुमारे १० टक्के वाटा मिळाला आणि तिच्यासाठी सुमारे अडीच हजार प्रोग्रॅम होते. विंडोजसाठी सत्तर हजारांवर होते. ट्रॅक्टर मजबूत, पण अवजारे मिळेनात, अशी गत. आयबीएमसारखी कंपनी जिथे हरली, तिथे नव्याने येणाऱ्याची काय कथा?

मग हा पेच सोडवायचा एक वेगळाच रस्ता निघाला. आजच्या आपल्या कामाशी त्याचाच संबंध आहे, म्हणून जरा लक्ष देऊन वाचा. नेटस्केप कंपनीने इंटरनेटची पाने पाहण्याचा ब्राउझर आणला. ब्राउझर विंडोजवर चाले, मॅकवर चाले, इतरत्रही चाले. उद्या सगळी कामे ब्राउझरमध्येच होऊ लागली तर खाली कुणाची प्रणाली आहे याला कोण विचारतो? मायक्रोसॉफ्टने हा धोका ओळखला. तिने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली आणि संगणक बनवणाऱ्यांवर दडपण आणले, की आमचा काढायचा नाही.

१८ मे १९९८ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि अनेक राज्यांनी मिळून खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी असल्याचे नोंदवले आणि जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तुकड्यांचा आदेश रद्द केला. मात्र मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा वागल्याचा ठपका कायम ठेवला. शेवटी तडजोड झाली. नेटस्केप तोपर्यंत दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली होती. न्याय मिळाला म्हणायचे तर पीक जळून गेल्यावर पाटाला पाणी सुटले.

मधल्या मध्ये एक गंमत झाली. १९९७ मध्ये अ‍ॅपल बुडायच्या बेताला आली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी भर सभेत जाहीर केले, की मायक्रोसॉफ्ट अ‍ॅपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार आहे आणि आपले ऑफिसचे प्रोग्रॅम मॅकसाठी पाच वर्षे देणार आहे. सभेतल्या लोकांनी हुर्यो केली. पण बांधाला बांध असलेले दोन भाऊबंद कोर्टात भांडतात आणि पाण्याच्या पाळीला एकत्र येतात, हे आपण बघतोच की.

फुकट अँड्रॉइडचे लिंकिंग

आता फोनकडे येऊ. टॉर्चवाला नोकिया आठवतो ना? रात्री मोटर चालू करायला जाताना त्याचा केवढा आधार असे. नोकियाच्या महाग फोनात सिंबियन नावाची प्रणाली होती आणि २००८ मध्ये जगातले निम्म्याहून जास्त स्मार्टफोन तिच्यावर चालत. २००७ च्या जूनमध्ये अ‍ॅपलचा आयफोन विक्रीला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने अनेक फोन कंपन्यांना बरोबर घेऊन अँड्रॉइड जाहीर केले. अँड्रॉइडची कंपनी गूगलने २००५ मध्येच विकत घेतली होती. तिचा पाया लिनक्सचा. लिनक्स म्हणजे फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली, कुणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली.

गूगलने फोन कंपन्यांना अँड्रॉइड फुकट दिले. मायक्रोसॉफ्ट नगामागे पैसे मागत होती, ही फुकट देते, मग सगळे तिकडे धावले. फुकट का दिले असेल? गूगलचा पैसा शोधातून आणि जाहिरातीतून येतो. लोकांच्या हातातल्या फोनवर आपली शोधपट्टी असणे हीच तिची कमाई. या जागेचे मोल किती, ते अमेरिकेतल्या दुसऱ्या एका खटल्यात उघड झाले. आयफोनवर आपलीच शोधसेवा आधीपासून लावलेली असावी, यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात अ‍ॅपलला सुमारे २००० कोटी डॉलर दिले. स्पर्धकाला! ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने गूगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा मार्गाने राखलेली असल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये काही बंधने घातली, पण अँड्रॉइड विकून टाकण्याचा आदेश मात्र दिला नाही.

आता फुकट मालामागचे करार बघा. हंगामात युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली शेतकऱ्याच्या गळ्यात मारतात, त्याला आपण लिंकिंग म्हणतो. दर हंगामात त्याच्या तक्रारी येतात. अँड्रॉइडचा पाया मोकळा आहे, पण जिथून अ‍ॅप उतरवतो ते प्ले स्टोअर गूगलचे. ते हवे असेल तर फोन कंपनीने गूगलची ठरलेली सगळी अ‍ॅप एकत्र घ्यायची, शोधपट्टी पहिल्या पडद्यावर ठेवायची, आणि अँड्रॉइडमध्ये स्वतः बदल करून बनवलेली वेगळी प्रणाली आपल्या कुठल्याच फोनवर विकायची नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने हेच पकडले. आपल्या देशात शंभरातले सुमारे ९५ स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला आणि वागणूक बदलण्याचे आदेश दिले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली. त्याच महिन्यात गूगलने जाहीर केले, की भारतात फोन कंपन्यांना हवी ती अ‍ॅप सुटी घेता येतील आणि गिऱ्हाइकाला शोधसेवा निवडता येईल. मार्चमध्ये अपिलात काही आदेश गळाले, दंड मात्र कायम राहिला. युरोपने तर याआधीच, २०१८ मध्ये, ४३४ कोटी युरोचा दंड केला होता. तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये तो थोडा कमी केला.

मायक्रोसॉफ्टची फोनमध्ये काय गत झाली? तिने नोकियाला हाताशी धरले, मग २०१३ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा ५४४ कोटी युरोला घ्यायचे ठरवले. फोन चांगले होते. आमच्या एका सहकाऱ्याकडे होता, कॅमेरा झकास. पण कुठलेही नवे अ‍ॅप आले की ते त्याच्यावर नसे. अ‍ॅप करणारे म्हणत, गिऱ्हाइके नाहीत. गिऱ्हाइके म्हणत, अ‍ॅप नाहीत. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या व्यवहारापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. ओएस-टूला ज्या खड्ड्यात पडताना तिने पाहिले होते, त्याच खड्ड्यात ती स्वतः गेली.

आपल्याकडे २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामतीवर जिओफोन आला, तेव्हाही हेच दिसले. त्याची प्रणाली कायओएस, अँड्रॉइड नव्हे. लोक पहिला प्रश्न विचारीत, "ह्यात व्हॉट्सअ‍ॅप चालतं का?" ते यायला सप्टेंबर २०१८ उजाडले.

आणि चीनच्या ह्वावेचे उदाहरण तर सरकारी लोकांनी नीट लक्षात घ्यावे. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर निर्बंध घातले आणि गूगलला तिच्या नव्या फोनांना प्ले स्टोअर देणे बंद करावे लागले. फोनात दोष काही नव्हता. भांडण दोन देशांचे होते. चीनबाहेर तिची विक्री कोसळली. तिने हार्मनी नावाची स्वतःची प्रणाली उभी केली, पण त्यामागे चीनएवढा बाजार होता. आपल्याकडेही सी-डॅकची बॉस ही लिनक्सवर बेतलेली प्रणाली २००७ पासून आहे, २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या आधाराने फोनसाठी भारओएस पुढे आली. करणारी माणसे आहेत. अडते ते अवजारांपाशी.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर

मग आबांचा फोन कुणी जुना केला? तिघांनी मिळून. गूगल दरवर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती काढते. ती प्रत्येक फोनच्या अंगाप्रमाणे बसवून देण्याचे काम फोन कंपनीचे, आणि स्वस्त फोनाला ती दोन-तीन वर्षांत हात आखडता घेते, कारण तिला नवा फोन विकायचा असतो. तिसरा अ‍ॅप बनवणारा. किती जुन्या अँड्रॉइडपर्यंत चालवायचे ते तो ठरवतो, आणि जुन्यासाठी वेगळी मेहनत घ्यायची त्याला गरज वाटत नाही. तिघांपैकी कुणाकडेही गेलात तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

म्हणून फोन घेताना कॅमेरा आणि रंग पाहण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. अँड्रॉइड कितवे आहे, आणि अपडेट किती वर्षे मिळणार? २०२३-२४ पासून काही कंपन्या महाग फोनांना सात वर्षे देऊ लागल्या आहेत. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट द्यायची. असा नियम इथेही हवा, असे मला वाटते. खताच्या गोणीवर घटक आणि बियाण्याच्या पाकिटावर मुदत छापणे बंधनकारक आहे, मग फोनच्या खोक्यावर अपडेटची मुदत छापायला काय हरकत?

आता ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांसाठी थोडे. कार्यालयातला संगणक विंडोज १० वर असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली. संगणक त्या तारखेला बंद पडत नाही, पण नव्या व्हायरसला दार उघडे राहते, आणि त्यातच गावाचा दप्तरखाना असतो. विंडोज ११ ला ठराविक सुरक्षा-चिप आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो, म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीची बरीच यंत्रे तिथे बसत नाहीत. अशी यंत्रे मोडीत काढण्याआधी त्यावर लिनक्स चालते का ते जाणकाराकडून तपासून घ्यावे. टायपिंग आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर बहुधा निभावते. प्रिंटर आणि डिजिटल सहीचे टोकन चालते की नाही, ते मात्र आधी पाहावे, नाहीतर ऐन दाखल्याच्या दिवशी खोळंबा होतो.

आणखी एक जुने दुखणे. पूर्वी आपण मराठी ज्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, ते ज्याचे त्याचे वेगळे असत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा ठराव आज दुसऱ्या संगणकावर उघडा, नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसतात. तो फॉन्ट नाही तर ठराव नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेले मात्र विंडोज, लिनक्स, फोन, कुठेही उघडते. जुन्या फायली वेळ मिळेल तशा युनिकोडमध्ये आणून ठेवा.

आणि आता नेटस्केपकडे पुन्हा येतो. सातबारा वेबसाइटवर ब्राउझरमध्ये दिसतो. तिथे अँड्रॉइड कितवे आहे, आयफोन आहे की आणखी काही, असे कुणी अडवत नाही. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून कुठल्याही संगणकावरून काढता येतो. नोंदणीची कामे मात्र दिवसेंदिवस अ‍ॅपवर चालली आहेत. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तिचा फायदाही झाला, शेतकरी स्वतःची नोंद स्वतः करू लागला. शिवारात रेंज नसते, तिथे फोनमध्ये साठवून ठेवणारे अ‍ॅप बरे पडते, हे मीही मान्य करतो. पण जिथे जमेल तिथे तेच काम ब्राउझरमधूनही व्हावे, म्हणजे जुन्या फोनवाल्याला ताटकळावे लागणार नाही. ज्यांच्या हातात योजना आखणे आहे, त्यांच्यापर्यंत ग्रामसभेच्या ठरावाने ही मागणी गेली तर तिला वजन येईल. आमच्या बैठकीत मी बोललो आहे. एकट्या माणसाच्या बोलण्याचे काय होते ते आपण जाणताच.

दिवाळीत त्या गावी पुन्हा जाणे झाले. आबांनी सोयाबीनच्या पैशातून नवा फोन घेतला होता. दुकानात त्यांनी मी सांगितलेले दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याचे उत्तर दुकानदाराने दिले. दुसऱ्यासाठी त्याने खोके चारही बाजूंनी फिरवून पाहिले, त्यावर काही लिहिलेले नव्हते. जुना फोन आबांनी मोडीत दिला नाही. गोठ्यात खुंटीला टांगला आहे, धार काढताना त्यावर अभंग लावतात.